चालकाविना धावणाऱ्या मेट्रोत रुळावर नजर कोण ठेवते?

घोडबंदरकर (प्रश्न)

नमस्कार. सप्टेंबर २०२५ मध्ये गायमुखच्या बाजूला मेट्रो ४ आणि ४ अ या मार्गांवर गाडीची चाचणी झाली, तेव्हापासून आमच्या घरी रात्रीच्या जेवणाला रोज हाच विषय निघतो. माझे वडील मध्य रेल्वेत मोटरमन होते. त्यांचे वय आता एक्क्याऐंशी आहे. माझा मुलगा इलेक्ट्रॉनिक्स पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला असून त्याला मेट्रोत नोकरी करायची आहे. तो आजोबांना सांगतो की परदेशात आता ज्या मेट्रो होत आहेत त्यांतल्या कितीतरी गाड्यांना चालकच नसतो, आणि आपल्याकडेही तेच येणार आहे. वडिलांना हे पटत नाही. ते म्हणतात, "गाडी सुरू करायला आणि थांबवायला यंत्र शिकेल, पण मुंब्र्याच्या वळणावर रुळात माणूस दिसला तर हॉर्न कोण देणार?"

जुन्या लोकलच्या केबिनमध्ये गाडी धावत असेपर्यंत एक मूठ तळहाताने दाबून धरावी लागे आणि हात सैल पडला की ब्रेक लागत. वडिलांना निवृत्त होऊन वीस वर्षे झाली, तरी टीव्ही पाहताना त्यांचा तळहात खुर्चीच्या हातावर तसाच घट्ट दाबलेला असतो. त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरात केवळ माहितीचा राहिलेला नाही.

चालकाविना गाडी म्हणजे नेमके काय, ती जगात कोठे धावते आणि पुढे कोठे येणार आहे, दोन स्थानकांच्या मध्ये ती अडकली तर आतल्या माणसांचे काय होते, आणि मुलाने या क्षेत्राकडे वळावे की नाही, हे कृपया जाणकारांनी सविस्तर सांगावे. उत्तरे मी वडिलांना वाचून दाखवणार आहे.

कळव्याचा सिग्नलवाला

वडिलांना माझा नमस्कार सांगा. माझी सगळी नोकरी सिग्नल आणि दूरसंचार विभागात गेली, त्यामुळे त्यांनी विचारलेला प्रश्न किती महत्त्वाचा आहे हे मला चांगले ठाऊक आहे.

सुरुवात त्यांच्या त्या मुठीपासूनच करतो, कारण ती मूठ म्हणजे यंत्राने माणसावर ठेवलेला पहारा होता. पुढे मुंबईच्या उपनगरी मार्गांवर इशारा देणारी यंत्रणा आली आणि लाल सिग्नलकडे गाडी जास्त वेगाने गेली तर ती स्वतः ब्रेक लावू लागली. म्हणजे वडील ज्या गाड्या चालवत होते त्या पूर्णपणे माणसाच्या हाती कधीच नव्हत्या. गाडी चालवण्याचे काम खरे पाहता पाच-सहा वेगवेगळ्या कामांचे मिळून बनलेले असते: वेग राखणे, फलाटावर नेमक्या जागी थांबणे, दारे उघडणे-मिटणे, गाडी सोडणे, रुळावर नजर ठेवणे आणि काही बिघडले तर निस्तरणे. यांतली किती कामे यंत्राकडे गेली आहेत त्यावरून स्वयंचलनाच्या शून्य ते चार अशा श्रेणी ठरतात. पहिल्या श्रेणीत गाडी माणूस चालवतो आणि यंत्र त्याला फक्त धोक्यापासून रोखते. दुसऱ्या श्रेणीत दोन स्थानकांमधले अंतर गाडी आपली आपण कापते, परंतु चालक केबिनमध्ये बसून दारे आणि सुटण्याचा इशारा सांभाळतो. लंडनची व्हिक्टोरिया लाइन १९६८ पासून याच पद्धतीने धावते. तिसऱ्या श्रेणीत केबिन रिकामी असते पण गाडीत एक कर्मचारी असतो, जसा १९८७ पासून लंडनच्या डॉकलँड्स रेल्वेत आहे. चौथ्या श्रेणीत गाडीत कर्मचारी असण्याची गरजच उरत नाही. या चौथ्या श्रेणीची सुरुवात जपानच्या कोबे शहरातील पोर्ट लायनरने १९८१ मध्ये केली आणि फ्रान्सच्या लील शहराची मेट्रो १९८३ मध्ये तिच्या पाठोपाठ आली. म्हणजे मुलाला जे नवे वाटते ते वडील ऐन नोकरीत असतानाच कोठेतरी सुरू झालेले होते.

आता नजरेविषयी. आपल्याकडे गाडी कोठे आहे हे परंपरेने रुळांतून खेळवलेल्या विजेवरून कळते. रुळांच्या एका तुकड्यावर गाडी आली की तिच्या चाकांतून ती वीज एका रुळातून थेट दुसऱ्या रुळात जाते आणि मागचा सिग्नल लाल होतो. पावसात रुळांत पाणी साचले की गाडी नसतानाही सिग्नल लाल का राहतो, याचे कारण यातच आहे, आणि कुर्ला-शीव पट्ट्यात त्या लाल सिग्नलशी मी अनेक रात्री झगडलो आहे. या पद्धतीत गाडी तुकड्याच्या सुरुवातीला आहे की शेवटी हे कळत नाही, म्हणून दोन गाड्यांमध्ये बरेच अंतर मोकळे सोडावे लागते. नव्या मेट्रोंमध्ये गाडी स्वतःची जागा आणि वेग रेडिओवरून सतत कळवत असते आणि नियंत्रण यंत्रणा मागच्या गाडीला 'तू अमुक बिंदूपर्यंत ये' असे सतत सांगत राहते. चालकाविना धावण्याचा पाया हाच आहे, आणि खरा फायदाही याच पायामुळे मिळतो.

गार्डाच्या दोन घंटांशिवाय वडिलांनी गाडी कधी हलवली नसेल. चालकाविना गाडीत त्या घंटांचे काम एक विद्युत मंडल करते. गाडीच्या प्रत्येक दाराचा 'मिटले आणि कुलूप पडले' हा संकेत त्या एकाच मंडलात ओवलेला असतो. एका दारात साडीचा पदर किंवा पिशवीचा बंद अडकून ते पुरते मिटले नाही तर मंडल तुटलेले राहते आणि मोटारींना वीज मिळत नाही. फलाटावर काचेची दारे असतील तर तीही याच साखळीत येतात.

पॅरिसचे उदाहरण सविस्तर सांगण्यासारखे आहे. तेथील १ क्रमांकाची मेट्रो १९०० सालची, म्हणजे शहरातील सर्वांत जुनी आणि अतिशय गर्दीची. तिचे फलाट रात्रीच्या बंद वेळात मजबूत केले गेले, त्यांवर दारे बसवली गेली, २०११ पासून चालक असलेल्या आणि नसलेल्या गाड्या काही काळ एकाच मार्गावर एकत्र धावल्या आणि २०१२ च्या अखेरीस मार्ग संपूर्ण स्वयंचलित झाला. गर्दीच्या वेळी दोन गाड्यांमधील अंतर १०५ सेकंदांवरून ८५ सेकंदांपर्यंत आणता आले. वीस सेकंद ऐकायला थोडे वाटतात, परंतु संध्याकाळी ठाण्याच्या पुलावरून खाली उतरणाऱ्या माणसाला त्यांचे मोल विचारावे. पुढे १९०८ सालची ४ क्रमांकाची मेट्रोही जानेवारी २०२४ पर्यंत अशीच बदलली गेली.

"रुळात माणूस दिसला तर" या शंकेचे बहुतेक मेट्रोंनी दिलेले उत्तर म्हणजे माणूस रुळात जाऊच शकणार नाही अशी बांधणी. मार्ग भुयारात किंवा खांबांवर असतो आणि फलाटावर दारे असतात. व्हँकुव्हरच्या स्कायट्रेनमध्ये आणि न्यूरेंबर्गच्या भुयारी रेल्वेत फलाटांवर दारे नाहीत, परंतु तेथे फलाटालगतच्या रुळांत कोणी पडले तर ते ओळखून गाडी थांबवणारी यंत्रणा आहे. आपल्या लोकलच्या मार्गावर हे कसे साधणार? ज्या मार्गावर दिवा स्थानकाजवळच्या फाटकाने वर्षानुवर्षे गाड्या खोळंबवल्या, जेथे लोक रूळ ओलांडून घरी जातात आणि मेल, एक्स्प्रेस व मालगाड्यांची ये-जा त्याच पट्ट्यातून होते, तेथे मोटरमनच्या डोळ्यांना पर्याय नाही. वडिलांचे म्हणणे लोकलपुरते आजही खरे आहे.

खारघरची प्रवासी

मी नऊ वर्षे सिंगापूरला होते आणि आता बेलापूर-पेंधर मेट्रोने रोज ये-जा करते, म्हणून प्रवाशाच्या बाजूने लिहिते.

सिंगापूरची नॉर्थ ईस्ट लाइन २००३ मध्ये सुरू झाली. ती पूर्ण भुयारी असून पहिल्या दिवसापासून चालकाविना धावते. तिच्यानंतर तेथे सर्कल, डाउनटाउन आणि थॉमसन-ईस्ट कोस्ट या मार्गिकाही तशाच झाल्या. आता पन्नास किलोमीटरहून लांब क्रॉस आयलंड लाइनचे काम चालू असून तिचा पहिला टप्पा २०३० मध्ये अपेक्षित आहे. पहिल्या दिवशी मी डब्याच्या अगदी पुढच्या टोकाला उभी राहिले, तर जेथे केबिन असायला हवी होती तेथे फक्त काच होती आणि काचेपलीकडे दिव्यांची रांग वाकत वाकत अंधारात जात होती. खाली एक कुलूपबंद झाकण होते. वेळ आली तर कर्मचारी ते झाकण उघडून आतल्या बटणांवर गाडी हाताने चालवतो. टोकाला एक आपत्कालीन दारही असते, त्यातून उताराची फळी बाहेर काढून प्रवाशांना रुळांवर उतरवता येते. ती वेळ सहसा येत नाही, कारण डब्यातील आपत्कालीन कळ दाबली की नियंत्रण कक्षातील माणूस तुमच्याशी बोलतो आणि कॅमेऱ्यातून तुम्हाला पाहतो. एकदा गाडी बोगद्यात सहा-सात मिनिटे थांबली होती तेव्हा माझ्या शेजारच्या आजींनी ती कळ दाबली, आणि पलीकडून आलेल्या आवाजाने शांतपणे सांगितले की पुढच्या स्थानकावरील दारात अडचण आहे, गाडी थोड्याच वेळात निघेल. चालक असलेल्या गाडीत असे कोणी माझ्याशी इतक्या लवकर बोलल्याचे मला आठवत नाही.

प्रश्नकर्ते ठाण्याचे आहेत, म्हणून त्यांना वर्तुळाकार मार्गांकडे विशेष लक्ष द्यायला सांगेन. ठाण्याच्या अंतर्गत वर्तुळाकार मेट्रोला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. २९ किलोमीटर, २२ स्थानके, त्यांपैकी सुमारे ३ किलोमीटर भुयारी. वागळे इस्टेट, उपवन, मानपाडा, वाघबीळ, कोलशेत, बाळकुम असा शहराला वळसा घालून ती ठाणे स्थानकाकडे येणार आहे. अशा मार्गांचा स्वभावच वेगळा असतो. सरळ मार्गावर गाडी शेवटच्या स्थानकावर काही मिनिटे थांबते आणि तेथे उशीर भरून निघतो. पूर्ण वर्तुळात शेवटचे स्थानकच नसते, त्यामुळे एका ठिकाणचा उशीर सगळ्या गाड्यांना लागतो आणि तसाच फिरत राहतो. लंडनच्या सर्कल लाइनला या दुखण्याने इतके ग्रासले होते की डिसेंबर २००९ मध्ये तिचे बंद वर्तुळ मोडून तिला दोन वेगळी टोके द्यावी लागली. स्वयंचलित वर्तुळावर नियंत्रण यंत्रणा प्रत्येक गाडीला चार-दोन सेकंद अधिक थांबवून सगळ्या गाड्या पुन्हा समान अंतरावर आणू शकते, आणि गर्दी वाढली तर चालकांच्या पाळ्या न जुळवता आगारातून आणखी गाड्या सोडता येतात. कोपनहेगनने सप्टेंबर २०१९ मध्ये १७ स्थानकांचे साडेपंधरा किलोमीटरचे वर्तुळ सुरू केले, ते चालकाविना आणि चोवीस तास चालते. माद्रिदने आपली सुमारे २३ किलोमीटरची ६ क्रमांकाची वर्तुळाकार मेट्रो स्वयंचलित करण्याचे काम टप्प्याटप्प्याने हाती घेतले आहे. पॅरिसभोवती तर १५ क्रमांकाचे ७५ किलोमीटरचे वर्तुळ बांधले जात आहे. पॅरिस परिसरातील एकूण प्रकल्प २०० किलोमीटर आणि ६८ स्थानकांचा असून त्यात १५ ते १८ क्रमांकांच्या चार नव्या स्वयंचलित मार्गिका आहेत. उपनगरातून उपनगरात जाण्यासाठी आधी मुख्य शहरात जाऊन परत यायचे, हा तेथील लोकांचा त्रास आपल्या कासारवडवली किंवा वागळे इस्टेटच्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

इतर ठिकाणांबद्दल थोडक्यात: रियाधमध्ये डिसेंबर २०२४ पासून सहा मार्गांचे १७६ किलोमीटरचे चालकाविना जाळे सुरू होऊ लागले, आणि टोरोंटोत सुमारे साडेपंधरा किलोमीटरची ऑन्टारिओ लाइन याच पद्धतीने बांधली जात आहे.

कळव्याच्या काकांनी लोकलचा मुद्दा काढला आहे, त्याला जोडून सिडनीचे सांगते. तेथे एकोणिसाव्या शतकातील, उघड्या जमिनीवरून धावणारा बँक्सटाउनचा उपनगरी मार्ग मेट्रोत बदलण्यासाठी ३० सप्टेंबर २०२४ पासून बंद केला गेला. जेमतेम १३ किलोमीटरसाठी फलाट सरळ करणे, दारे बसवणे आणि दोन्ही बाजूंना कुंपण घालणे इतके काम होते की लोकांना वर्षाहून अधिक काळ बसने जावे लागले. ठाणे-कल्याण मार्ग रविवारच्या मेगाब्लॉकपलीकडे बंद ठेवण्याची कल्पनाही आपण करू शकत नाही. म्हणून मला वाटते की आपल्याकडे हे सारे नव्या मार्गांवरच येईल, आणि म्हणूनच नव्या मार्गांचे फलाट आणि सिग्नल पहिल्या दिवसापासून त्या तयारीने बांधले जावेत असा आग्रह आपण ठाणेकर-नवी मुंबईकरांनी धरला पाहिजे.

केबिनमधली

मी मुंबई महानगरातील एका मेट्रो मार्गावर गाडी चालवते. मार्गाचे नाव लिहीत नाही. वरच्या दोन्ही उत्तरांतील माहिती बरोबर आहे, पण चालकांचे म्हणणे त्यांत आलेले नाही.

दिल्लीची मॅजेंटा लाइन २८ डिसेंबर २०२० रोजी चालकाविना सुरू झाली आणि पुढच्या नोव्हेंबरात पिंक लाइन. चेन्नईच्या दुसऱ्या टप्प्यासाठीही चालकाविना धावणाऱ्या गाड्या बांधल्या जात आहेत. आपल्याकडील २ अ, ७ आणि ३ क्रमांकांच्या मार्गांवरील गाड्या चालकाविना धावू शकतील अशाच बांधलेल्या आहेत, मात्र सुरुवातीपासून त्या चालकांसह चालवल्या गेल्या. यामागे भीती आहे असे मला वाटत नाही. गाडी बांधून झाली म्हणून मार्ग तयार झाला असे होत नाही. सिग्नल, दारे, नियंत्रण कक्ष, देखभालीची शिस्त यांची एकेक करून परीक्षा व्हावी लागते, सुरक्षा आयुक्तांची परवानगी लागते, आणि ती घाईने मिळू नये असेच मी म्हणेन.

पावसाच्या पहिल्या सरीत काय होते ते सांगते. उन्हाळाभर खांबांवरच्या रुळांवर धूळ बसलेली असते. तिच्यावर थोडेसे पाणी पडले की चाक घसरते आणि स्वयंचलित ब्रेकने थांबणारी गाडी खुणेच्या हातभर पुढे जाऊन उभी राहते. मग गाडीची दारे फलाटाच्या दारांसमोर येत नाहीत आणि कोणतीच दारे उघडत नाहीत. आत तीनशे माणसे काचेतून फलाट पाहत उभी असतात. मी परवानगी घेऊन गाडी हलक्या हाताने मागे घेते, तेव्हा माझ्या पाठीमागे सुटलेला निःश्वास मला केबिनमध्ये ऐकू येतो. हे काम यंत्र करणार नाही असे मी म्हणत नाही. जोरदार सर सुरू झाली की आधीच वेग कमी ठेवून चालण्याची सोय यंत्रणेत असते. पण ती केव्हा लावायची हे आपल्या पावसाने शिकवलेल्या माणसालाच ठरवावे लागेल.

अपघातांकडेही डोळसपणे पाहायला हवे. १ जून २०१९ रोजी योकोहामाच्या सीसाइड लाइनवर चालकाविना गाडी टोकाच्या स्थानकावरून उलट दिशेने सुटली आणि अडथळ्यावर आदळून १४ जण जखमी झाले. दिशा सांगणारी एक तार तुटली होती आणि मोटारींना नवा आदेश पोचलाच नव्हता. मे २०२१ मध्ये क्वालालंपूरच्या केलाना जया मार्गावर दोनशेहून अधिक प्रवासी जखमी झाले, त्यात रिकामी गाडी हाताने चालवली जात होती आणि ती स्वयंचलित गाडीसमोर आली. मला या दोन्ही घटनांतून एकच गोष्ट शिकण्यासारखी वाटते. पहिलीत देखभाल आणि रचना उणी पडली, दुसरीत यंत्राचा पहारा सुटलेल्या अवस्थेत माणूस गाडी चालवत होता. म्हणून बिघाडाच्या वेळी गाडी हाती घेणाऱ्याचा सराव रोज गाडी चालवणाऱ्यापेक्षाही कडक हवा. जो माणूस महिन्यातून एकदा हँडल धरतो त्याच्या हाताला ते विसरायला वेळ लागत नाही.

नोकऱ्यांविषयी कोणी बोलले नाही. २०२३ मध्ये निवृत्तिवेतनाच्या प्रश्नावर पॅरिसमध्ये संप झाले तेव्हा चालकाविना धावणारे १ आणि १४ क्रमांकांचे मार्ग चालूच राहिले. प्रवाशांना ते सोयीचे होते, पण चालकांच्या हातातले एक बळ त्यामुळे गेले, आणि हे मी मनापासून लिहीत आहे. त्याच पॅरिसमध्ये १ क्रमांकाचा मार्ग बदलताना चालकांना दुसऱ्या मार्गांवर किंवा नियंत्रण आणि पर्यवेक्षणाच्या कामांवर सामावून घेतले गेले, हेही तितकेच खरे आहे. कोपनहेगनमध्ये गणवेशातील कर्मचारी गाडीत फिरत असतात. आपल्याकडे बदल होईल तेव्हा आम्हाला केबिनमधून काढून डब्यात आणि फलाटांवर ठेवावे. वृद्ध माणसाला हात धरून उतरवणे हेही गाडी चालवण्याइतकेच रेल्वेचे काम आहे.

घोडबंदरकरांच्या मुलाने यावे. फक्त चालक होण्यासाठी येऊ नये. सिग्नल, दूरसंचार, गाडीची देखभाल आणि फलाटावरील दारे या चार ठिकाणी इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण थेट उपयोगी पडते, आणि रात्रीच्या तीन-चार तासांत मार्ग दुरुस्त करून पहाटे पहिली गाडी सोडणाऱ्या माणसांची गरज गाडी चालकाविना झाल्यावर वाढणारच आहे.

घोडबंदरकर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री तिन्ही उत्तरे वडिलांना वाचून दाखवली. काकांचे दारांच्या मंडलाचे वर्णन त्यांनी दोनदा वाचायला लावले आणि मग म्हणाले, "म्हणजे गार्डाची घंटा तारेत घातली." ताईंनी लिहिलेला पहिल्या पावसाचा भाग ऐकताना ते काहीच बोलले नाहीत, फक्त मान हलवत राहिले. नंतर मुलाला जवळ बसवून निसरड्या रुळावर ब्रेक थोडा थोडा करून कसा सोडायचा ते त्यांनी पाण्याचा तांब्या हातात धरून दाखवले.

मुलाने योकोहामाच्या तुटलेल्या तारेबद्दल वाचल्यावर विचारले की मोटारींना आदेश पोचला नाही हे गाडीला स्वतःहून कळायला नको होते का. मला उत्तर देता आले नाही. काकांना वेळ असेल तर त्यांनी यावर जरूर लिहावे.

वडिलांना ३ क्रमांकाच्या मेट्रोत बसून पाहायचे आहे. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणून शनिवारी सकाळच्या जलद लोकलने आम्ही तिघे सीएसएमटीला जाऊ आणि तेथून भुयारी मेट्रोने कफ परेडपर्यंत. पहिल्या डब्यात, पुढच्या दाराजवळ उभे राहायचे असे त्यांनी आताच सांगून ठेवले आहे.